न मागितलेला विमा

रायनएअर ही आयर्लंडची स्वस्त विमानसेवा. काही वर्षांपूर्वी तिच्या संकेतस्थळावर तिकीट काढताना एका टप्प्यावर प्रवाशाला विचारले जाई, तुम्ही कोणत्या देशाचे रहिवासी? खाली देशांची लांबलचक यादी उघडे. प्रवासी आपला देश निवडी आणि पुढे जाई. देश निवडला म्हणजे प्रवासविमा हवा, असा त्याचा अर्थ धरला जाई आणि विम्याचे पैसे तिकिटाच्या रकमेत मिळवले जात. विमा नको असणाऱ्यांचीही सोय होती, पण ती त्याच यादीत, देशांच्या नावांच्या गर्दीत. एके काळी ‘प्रवासविमा नको’ हा पर्याय लॅटव्हिया आणि लिथुएनिया यांच्या मध्ये सापडत असे. इंग्रजी अक्षरक्रमानेसुद्धा त्याची ती जागा नव्हती.

फेब्रुवारी २०१४ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने प्रवासविमा विकण्याच्या अशा पद्धतींबद्दल रायनएअरला साडेआठ लाख युरो आणि ईझीजेट या दुसऱ्या कंपनीला दोन लाख युरो दंड केला. दंडाची रक्कम सरकारजमा होते. ज्या प्रवाशाने लिथुएनियाच्या आधीची ती ओळ पाहिली नाही, त्याच्या खिशातून गेलेल्या पैशांचे काय, हा प्रश्न वेगळाच राहतो.

प्रवासविमा ही मुळात वाईट गोष्ट नाही. परदेशात आजारी पडलेल्या माणसाला त्याचे मोल विचारावे. येथे विषय आहे तो न मागता गळ्यात पडलेल्या विम्याचा आणि त्याचे पैसे परत मिळण्याचा. रक्कम लहान असते म्हणून या विषयाकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. परंतु या लहान रकमेमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. विमा घेण्यासाठी आधी प्रवाशाला हात पुढे करावा लागे. पुढे तो नाकारण्यासाठी हात हलवावा लागू लागला. हा बदल कसा झाला आणि कायद्याने त्याला कसे उत्तर दिले, हे पाहण्यासारखे आहे.

खिडकीवरचा विमा

प्रवासविम्याचा जन्म रेल्वेच्या भीतीतून झाला. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये रेल्वेचे वेड पसरले होते. मार्ग झपाट्याने वाढत होते आणि अपघातही होत होते. २४ डिसेंबर १८४१ रोजी रेडिंगजवळच्या सॉनिंग येथे खचलेल्या दरडीवर गाडी आदळली. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी उघड्या डब्यांत बसले होते आणि जीव गेले ते त्यांचेच. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे जखमी माणूस भरपाई मागू शकत असे, पण माणूस मेला तर त्याच्या बायकामुलांना दावा लावता येत नसे. १८४६ च्या कायद्याने हा अन्याय दूर केला. तरीही दावा लावायचा तर समोरच्याची चूक सिद्ध करावी लागे.

अशा वातावरणात १८४९ मध्ये लंडनच्या रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनीने विम्याचे तिकीट विकायला सुरुवात केली. ते स्टेशनात, प्रवासाच्या तिकिटाबरोबरच मिळे. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाने तीन पेनी दिले तर एक हजार पौंडांचा विमा, दुसऱ्या वर्गाला दोन पेनीत पाचशे पौंडांचा, तिसऱ्या वर्गाला एका पेनीत दोनशे पौंडांचा. कोणाची चूक होती हे सिद्ध करण्याची गरज नाही. अपघात झाला, माणूस गेला, की ठरलेली रक्कम वारसांना मिळणार.

या व्यवहाराची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. विमा हवा असेल तर प्रवाशाने तोंड उघडून तो मागायचा आणि वेगळे नाणे काढून द्यायचे. मागितला नाही तर मिळत नसे, आणि पैसेही जात नसत.

अमेरिकेत हीच कल्पना जेम्स बॅटरसन या व्यावसायिकाने नेली. इंग्लंडच्या प्रवासात त्याने रेल्वेचा अपघातविमा पाहिला होता. त्याने हार्टफर्ड शहरात स्थापन केलेल्या ट्रॅव्हलर्स कंपनीने १८६४ मध्ये काम सुरू केले. तिच्या पहिल्या ग्राहकाची कथा प्रसिद्ध आहे. बोल्टर नावाच्या बँकवाल्याने टपालकचेरीत बॅटरसनला गमतीने विचारले, मी येथून घरी चालत जाईपर्यंतचा विमा केवढ्याला? बॅटरसन म्हणाला, दोन सेंट. बोल्टरने दोन सेंट दिले आणि घरापर्यंतच्या वाटेसाठी त्याचा विमा उतरला. गमतीतसुद्धा मागणी ग्राहकाची होती आणि नाणेही त्यानेच काढून दिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास वाढला, तेव्हा अमेरिकेच्या विमानतळांवर विम्याची यंत्रे बसली. नाणी टाकायची, अर्ज भरायचा, सही करायची आणि विमानात चढायचे. या यंत्रांचे नाव एका भयंकर गुन्ह्याशी जोडले गेले. १ नोव्हेंबर १९५५ रोजी डेन्व्हरहून निघालेल्या विमानात जॅक ग्रॅहम नावाच्या तरुणाने आईच्या सामानात बाँब ठेवला. विमान सुटण्याआधी विमानतळावर त्याने तिच्या नावाने विमा काढला होता. विमानातील ४४ माणसे ठार झाली. पुढे असे आढळले की विम्याच्या कागदावर आईची सहीच नव्हती, त्यामुळे तो कागद कवडीमोलाचा होता. ज्याच्या नावावर विमा त्याची संमती हवी, हा नियम यंत्राच्या काळातही पक्का होता.

पुतण्याचा घोडा

संमती म्हणजे काय, याचा निकाल एकोणिसाव्या शतकातच एका घोड्यावरून लागला होता. पॉल फेल्टहाउस नावाच्या इंग्रज गृहस्थाला आपल्या पुतण्याचा घोडा विकत घ्यायचा होता. किमतीवरून दोघांत गैरसमज झाला. तेव्हा काकांनी पत्र लिहिले, त्याचा आशय असा: तुझ्याकडून काही कळले नाही तर तीस पौंड पंधरा शिलिंगांना घोडा माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. घोडा काकांना द्यायचे मात्र त्याच्या मनात होते, म्हणून त्याने लिलाववाल्या बिंडली यांना तो बाजूला ठेवायला सांगितले. बिंडली यांनी चुकून घोडा विकला आणि काकांनी त्यांच्यावर दावा लावला. १८६२ मध्ये न्यायालयाने सांगितले की काकांचा घोड्यावर हक्क नाही, कारण करारच झाला नव्हता. समोरच्याच्या गप्प बसण्याला होकार ठरवण्याचा अधिकार कोणी स्वतःकडे घेऊ शकत नाही.

दहा वर्षांनी, १८७२ मध्ये, आपल्याकडे भारतीय करार कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे दोन माणसे एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाली तरच ती संमती. तिकीट काढणारा मनात फक्त तिकीट धरून असेल आणि विकणारा तिकीट अधिक विमा धरून असेल, तर दोघे एकाच गोष्टीला राजी झाले असे म्हणता येत नाही. याच कायद्याचे बहात्तरावे कलम त्याहून महत्त्वाचे आहे. चुकीने किंवा जबरदस्तीखाली कोणाला पैसे दिले गेले असतील, तर घेणाऱ्याने ते परत केले पाहिजेत, असे ते सांगते. आजच्या परताव्याच्या प्रश्नाचे मूळ उत्तर या दीडशे वर्षांच्या कलमात आहे.

व्यापाऱ्यांनी मात्र मौनाचा उपयोग करून घेण्याच्या नव्या वाटा शोधल्या. अमेरिकेत १९२६ मध्ये निघालेल्या ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने सभासदाला महिन्याचे पुस्तक पाठवण्याची पद्धत पाडली. नको असेल तर ठरलेल्या मुदतीत कळवायचे, न कळवल्यास पुस्तक घरी येणार आणि पैसे द्यावे लागणार. येथे निदान सभासद होताना माणसाने होकार दिलेला असे. काही व्यापारी त्याहून पुढे गेले. न मागितलेला माल टपालाने पाठवायचा आणि मागाहून बिल धाडायचे. हा उपद्रव इतका वाढला की अमेरिकेने १९७० मध्ये आणि ब्रिटनने १९७१ मध्ये कायदे केले. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे न मागता टपालाने आलेला माल ही ग्राहकाला मिळालेली भेट समजायची. त्याने तो वापरावा किंवा फेकून द्यावा, पैसे देण्याचा प्रश्नच नाही.

चौकटीतली खूण

टपालातले पुडके दिसते तरी. संगणकाच्या पडद्यावर आधीच ‘बरोबर’ची खूण केलेली चौकट दिसूनही दिसत नाही. इंटरनेटवर तिकिटे विकली जाऊ लागल्यावर ग्राहक एकाच वेळी दहा कंपन्यांचे भाडे ताडून पाहू लागला. ज्याचे भाडे सर्वांत कमी, त्याचे नाव यादीत सर्वांत वर. मग भाडे पाडून दाखवायचे आणि नफा सामान, आसन, विमा अशा वरच्या गोष्टींतून काढायचा, असे गणित बसले. विम्याची जबाबदारी विमा कंपनीची, विकणाऱ्याला दलाली. त्याचा खर्च एवढाच, पडद्यावर एक चौकट.

अशी खूण किती परिणाम करते, याचा पुरावा अमेरिकेच्या दोन शेजारी राज्यांतून मिळाला. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांनी मोटारविम्यात दोन पर्याय दिले होते. एकात अपघातानंतर दावा लावण्याचा पूर्ण हक्क आणि हप्ता जास्त, दुसऱ्यात हक्क मर्यादित आणि हप्ता कमी. न्यू जर्सीत काही न कळवणाऱ्याला मर्यादित हक्क मिळे, पेनसिल्व्हेनियात पूर्ण. एरिक जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की न्यू जर्सीत सुमारे २० टक्के लोकांनी पूर्ण हक्क घेतला, तर पेनसिल्व्हेनियात सुमारे ७५ टक्के लोकांनी तो ठेवला. एवढ्या फरकामागे लोकांची आवडनिवड असेल असे म्हणणे कठीण आहे. बहुतेकांनी जे आधीपासून लिहिलेले होते तेच राहू दिले.

ही गोष्ट विकणाऱ्यांना ठाऊक होती. २०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश रचनातज्ज्ञाने अशा क्लृप्त्यांची यादी सुरू केली आणि त्यांना ‘डार्क पॅटर्न’ असे नाव दिले. टोपलीत गुपचूप वस्तू सारणे हा त्यांतलाच एक प्रकार.

युरोपने काय केले

युरोपीय संघाचा २००२ चा एक नियम असा होता की फोनवरून किंवा इंटरनेटवरून घेतलेली विमा किंवा कर्जासारखी आर्थिक सेवा ग्राहकाला साधारणपणे १४ दिवसांत कारण न देता रद्द करता यावी. पण एक महिन्याहून कमी मुदतीचा प्रवासविमा त्यातून वगळला होता. त्याला कारणही होते. आठ दिवसांचा प्रवास सुखरूप पार पडल्यावर, दहाव्या दिवशी विमा रद्द करून कुणी पैसे मागू लागला तर विम्याला अर्थच राहणार नाही. मात्र याचा एक परिणाम असा झाला की जो विमा सर्वांत सहज गळ्यात मारता येत होता, तोच परत करण्याची मुभा नव्हती.

यावर दुसऱ्या बाजूने उपाय झाला. २००८ च्या विमानसेवा नियमावलीच्या तेविसाव्या कलमाने ठरवले की ऐच्छिक सेवांचे जादा पैसे ग्राहकाने स्वतः होऊन निवडले तरच घ्यायचे. यावर ईबुकर्स या तिकिटे विकणाऱ्या कंपनीच्या जर्मन शाखेने मुद्दा काढला. विमा दुसऱ्या कंपनीचा, आम्ही फक्त तिकीट विकणारे, मग हा नियम आम्हाला कसा लागू? ग्राहक संघटनांच्या महासंघाने तिला न्यायालयात खेचले होते. १९ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की विमा कोणाचाही असो, तो तिकिटाबरोबर विकला जात असेल तर आधीच खूण करून ठेवता येणार नाही.

तरीही बंदी आणि परतावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदी मोडणाऱ्याला दंड होईल, पण प्रवाशाला काय? याचे उत्तर २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशाच्या बाविसाव्या कलमात आले. मूळ किमतीवर जादा पैसे घ्यायचे तर ग्राहकाची स्पष्ट संमती हवी. ती न घेता, ग्राहकाला पर्याय नाकारावा लागेल अशी मांडणी करून संमती गृहीत धरली असेल, तर ग्राहकाला ते पैसे परत मिळण्याचा हक्क आहे. प्रवासी वाहतुकीला या निर्देशातील बहुतेक कलमे लागू नाहीत, पण हे कलम मुद्दाम लागू ठेवले. जून २०१४ पासून ते अमलात आले. फेल्टहाउस काकांच्या घोड्यावरचा निकाल जणू दीडशे वर्षांनी संगणकाच्या चौकटीला लागू झाला, आणि सोबत परताव्याचे वाक्यही आले.

आपल्याकडे

भारतात हा विषय घरोघरी पोचला तो रेल्वेमुळे. १ सप्टेंबर २०१६ पासून आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर तिकिटाबरोबर ऐच्छिक विमा मिळू लागला. हप्ता ९२ पैसे, मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख रुपये. नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ पासून ऑगस्ट २०१८ अखेर तो फुकट होता. नंतर पुन्हा हप्ता आला. तिकीट रद्द केले तरी हा हप्ता परत मिळत नाही.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. विमा घेतला नाही म्हणून रेल्वे अपघातातील भरपाई बुडत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या १२४ व्या कलमाखालची भरपाई कायद्याने मिळते आणि जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ती आठ लाख रुपये आहे. विम्याची रक्कम त्याखेरीज. हे माहीत नसलेला प्रवासी घाबरून विमा घेतो. जॉन्सन यांच्याच अभ्यासात आढळले होते की कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूच्या विम्यापेक्षा केवळ दहशतवादी हल्ल्यातील मृत्यूच्या विमानविम्याला लोक जास्त पैसे द्यायला तयार होते. भीती डोळ्यांपुढे उभी केली की हिशेब सुटतो.

आपल्या एसटीची रीत याहून वेगळी. २०१६ पासून तिकिटामागे एक रुपया अपघात सहायता निधीसाठी घेतला जातो. तो सर्वांकडून घेतात, नाकारण्याची सोय नाही, आणि म्हणून फसवणुकीलाही जागा नाही. सक्तीची गोष्ट सक्तीची म्हणून सांगितली तर तिच्यावर वाद घालता येतो. ऐच्छिक म्हणून सांगून गुपचूप घेतलेल्या पैशांवर वाद घालायला आधी ते गेल्याचे कळावे लागते.

विमानाची तिकिटे विकणाऱ्या पोर्टलांवर हे उघड चालले होते. २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, प्रवासविम्याचा पर्याय आधीच निवडून ठेवायला मनाई केली. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ही मनाई सर्वच ऑनलाइन विक्रीला लागू केली. ग्राहकाने स्वतः काही कृती करून दिलेली संमतीच नोंदवायची, आधी खूण केलेल्या चौकटीतून नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले. त्यांत टोपलीत वस्तू सारण्याचे एक उदाहरण विमान तिकिटाबरोबर आपोआप जोडलेल्या विम्याचेच आहे. ग्राहकाला ओशाळे करण्याच्या प्रकाराचे उदाहरणही तिथलेच: विमा नाकारायचा तर ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवायला लावणे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्याची सूचना दिली.

हे सर्व योग्यच झाले. उणीव एका ठिकाणी आहे. आपल्या २०२० च्या नियमात संमती कशी घ्यायची हे आहे, पण तशी न घेतल्यास ते पैसे ग्राहकाला परत करावेत, असे युरोपच्या बाविसाव्या कलमासारखे थेट वाक्य नाही. करार कायद्याचे बहात्तरावे कलम आहे, ग्राहक आयोगही पैसे परत करायला सांगू शकतो, पण त्यासाठी ग्राहकाने तक्रार घेऊन जायचे. समजा रक्कम दोनशे रुपये आहे. त्यासाठी आयोगाच्या पायऱ्या कोण चढणार? विकणाऱ्याचे सारे गणित या एका प्रश्नावर उभे असते.

परतावा कधी मिळतो

न मागितलेल्या विम्याचे पैसे मोठ्या प्रमाणावर परत मिळाल्याचे सर्वांत ठळक उदाहरण ब्रिटनमधले आहे, आणि ते प्रवासाचे नसून कर्जाचे आहे. तेथील बँका कर्जाबरोबर हप्ते-संरक्षण विमा जोडत. आजारपण किंवा बेकारी आली तर कर्जाचे हप्ते विम्यातून जातील, असा त्याचा हेतू. अनेकांना तो जोडल्याचे ठाऊकच नव्हते आणि अनेकांना त्यातून काही मिळण्याजोगे नव्हते. २००५ मध्ये सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या नागरिकांना सल्ला देणाऱ्या संस्थेने सर्वांच्या वतीने एकत्रित तक्रार केली. नियामकाने बँकांना जुन्या तक्रारी नव्याने तपासायला लावले. बँका न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २०११ मध्ये हरल्या. त्यानंतर २९ ऑगस्ट २०१९ या शेवटच्या तारखेपर्यंत दावे येत राहिले आणि बँकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली.

एकेकट्याने लढून यातले फार थोडे साधले असते. एका संस्थेने सर्वांची तक्रार एकत्र मांडली, नियामक मागे हटला नाही आणि संमती घेतली होती का, हे दाखवण्याचा भार बँकांवर आला. तिन्ही गोष्टी जमल्या तेव्हा पैसे परत आले.

आज आपल्या हाती काय आहे? पैसे भरण्याआधी बिलाची शेवटची बेरीज भाड्याशी ताडून पाहावी. विमा जोडलेला नंतर लक्षात आला तर प्रवास सुरू होण्यापूर्वीच लिहावे, कारण प्रवास सुरू झाला की विमा वापरला गेला असे धरले जाते. पत्र तिकीट विकणाऱ्याला आणि विमा कंपनीला, दोघांनाही जावे, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ‘विमा रद्द करा’ एवढे लिहिले की रद्द करण्याच्या अटी पुढे येतात. ‘मी संमती दिलीच नव्हती, माझ्या संमतीची नोंद दाखवा’ असे लिहिले तर सिद्ध करण्याचे काम त्यांच्याकडे जाते. बिलाचे व पडद्याचे चित्र जपून ठेवावे. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. दोनशे रुपयांची तक्रार एकट्याची म्हणून क्षुल्लक वाटते, पण अशा नोंदी साठत गेल्या तरच नियामकाला कारवाईचा आधार मिळतो. ब्रिटनमध्ये तसेच घडले.

आपल्या नियमांत एका वाक्याची भर पडली तर यातली बरीच यातायात वाचेल: ग्राहकाने स्वतः न निवडलेल्या सेवेचे पैसे विकणाऱ्याने मागणीची वाट न पाहता परत करावेत. त्यात नवे काहीच नाही. १८७२ च्या कायद्याने हेच सांगितले आहे आणि १८४९ च्या स्टेशनातही याच रीतीने व्यवहार होत होता. विमा हवा असणाऱ्याने तो मागितला आणि एक पेनी दिली. ज्याने मागितला नाही, त्याची पेनी त्याच्या खिशात राहिली.